नारूदाचं मागं पडलेलं घड्याळ

नारूदा स्वतःच्या औषधाची गोळी मोडायचा आणि निम्मी कोंबड्याला खाऊ घालायचा. भातात कालवून, लाडानं, "खा रे बाबा, डॉक्टरानं दिलीया" म्हणत.

रामनगरच्या बसस्टँडसमोर त्याचं चहाचं हॉटेल आणि त्याला लागून माझं शिलाईचं दुकान. गोवा मोकळा झाल्यापासून त्या रस्त्याला ट्रकांची रीघ लागलेली. हॉटेल झकास चाललं असतं, पण नारूदाला ऋतू होते. वर्षातले काही आठवडे त्याला झोप म्हणून लागायची नाही. गाव उठायच्या आत तो अख्खा बाजार झाडून काढी, उभे ट्रक धुई, दारं वाजवून लोकांना उठवी. कुणी खेकसलं की म्हणे, "माझं बराबर हाय. सूर्यालाच उशीर होतोय." त्या दिवसांत चहा फुकट. पिणारे पोटभर पीत आणि वर "नारूदासारखा राजा न्हाई" म्हणत.

एकदा भर पावसात त्यानं घराची कौलं उतरवली, आत उजेड यावा म्हणून. तेव्हा त्याला खांबाला बांधायला दोरी घेऊन आले ते हेच चहा पिणारे. दोरी सोडली बायकोनं, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन ती खानापूरला माहेरी गेली ती गेलीच. मग ऋतू पालटला. नारूदा भिंतीकडं तोंड करून पडला, तो भातलावणी संपली तरी उठला नाही.

अशी वर्षं गेली. शेवटी मी त्याला बेळगावला, विलायतेहून शिकून आलेल्या एका डॉक्टराकडं नेलं. "हे एका जातीचं मीठच आहे," डॉक्टर म्हणाला. "लिथियम. रोज घ्यायचं, चुकवायचं नाही."

मिठानं गुण दिला. नारूदा माणसांत आला, चहाचे पैसे मागू लागला. लगेच बाजार म्हणाला, "नारूदा बिघडला."

त्याचे हात मात्र कापायचे. कपापेक्षा बशीतच चहा जास्त. तहान तर अशी, की घागर पुरायची नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला सकाळी जागच येईना. कोंबड्याच्या आधी उठणारा माणूस उन्हं अंगावर आली तरी घोरत पडायचा.

पुढच्या खेपेला त्यानं डॉक्टराला विचारलं, "सायेब, तुमच्या मिठानं माझ्या आतलं घड्याळ सावकाश चालतंय का?"

"तसं काही ऐकलं नाही बुवा," डॉक्टर म्हणाला. "वयही झालंच की."

घरी येऊन त्यानं कोंबडा धरला. मागच्या अंधाऱ्या खोलीत कोंडला आणि रोज निम्मी गोळी चारू लागला. "उजेड बघितला की त्याला खरी वेळ कळंल," म्हणाला. आणि कोंबडा खरंच दिवसेंदिवस उशिरा आरवायला लागला. त्याच्या आरवण्यावर उठणाऱ्या मागच्या गल्लीतल्या मावशींची कॅसलरॉकची बस चुकली. त्यांनी नारूदाच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि हा आपला नाचतोय! "बघा अण्णा, ह्याला बी लागू पडलं!" अंधारानं झालं की गोळीनं, मला शिंप्याला काय कळणार?

मग कोंबडा सारखं पाणी पिऊ लागला. झोकांड्या खाऊ लागला. एके दुपारी मेला. नारूदा त्याला मांडीवर घेऊन पायरीवर रडत बसला. समोरून कुणीतरी ओरडलं, "रस्सा तरी करायचा हुता आधी!"

मीही चिडलो होतो. "कशाला मारलंस रे मुक्या जिवाला?"

त्यानं कोंबड्याची पिसं सारखी केली. मग म्हणाला, "पोरीचं लगीन झालं, अण्णा."

मला ठाऊक नव्हतं. त्यालाही कुणी बोलावलं नव्हतं. पण पोरीनं बसच्या कंडक्टरकरवी गुपचूप निरोप धाडला होता. सकाळच्या बसनं ती नवऱ्याबरोबर फोंड्याला सासरी जाणार होती. बस इथं थांबते. बाबानं समोर उभं राहावं, बोलू नये, नुसतं दिसावं.

"धुतलेला सदरा घालूनच निजलो हुतो," नारूदा म्हणाला. "उठलो तर बस गेलेली. बाबा मुद्दाम आला न्हाई, आसंच तिला वाटलं आसंल. मी म्हटलं, बघावं तरी, मी आळशी झालोय का ह्या गोळीनं हुतंय. माझ्यावर कोण इस्वास ठेवतंय? कोंबडा कशाला लबाड बोलंल?" मग माझा हात धरून म्हणाला, "तुमी कापडाला फोंड्याला जाता न्हवं? तेवढं सांगा तिला."

मी गेलो. ओसरीवर सासू सुपारी कातरत होती. माहेरच्या ओळखीचा म्हटल्यावर तिनं बसवलं. "गुणाची पोर," म्हणाली. "बाप लहानपणीच वारला ना बिचारीचा."

पोर पाणी घेऊन आली. मला ओळखलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मी तांब्या घेतला.

"रामनगरात आमच्या शेजारी एक माणूस हाय," मी म्हणालो. "नव्या औषधानं त्याला सकाळी जाग येत न्हाई. मागं एकदा त्याची बस चुकली. लई जीव लागला हुता त्याचा त्या बसकडं."

सासूची सुपारी चालूच होती. पोर खाली बघत म्हणाली, "त्यांस्नी सांगा, औषध सोडू नका."

परतलो तेव्हा नारूदा स्टँडवरच उभा होता. मी तिचा निरोप सांगितला. सासूचं सांगितलं नाही.

"औषध सोडू नका म्हणाली?"

"व्हय."

"बाबा म्हणाली का? बाबा, औषध सोडू नका, आसं?"

"तसंच म्हणाली," मी म्हणालो.