आरशात सरळ दिसणारं राज्य

साहेब, समुद्र तुम्ही हलवलात. नाकबूल करू नका. पुस्तकांच्या त्या कचेरीत तुम्हाला कोणी पाहिलेलं नाही, पण सगळे हुकूम ‘वरून’ येतात, आणि वर तुमच्याशिवाय फक्त पाण्याची टाकी आहे. टाकी काही बोलत नाही.

ज्याचा समुद्र हलवलात, तो नकाशेवाला. कादंबऱ्यांतल्या खोट्या राज्यांचे नकाशे काढण्यात त्याची अकरा वर्षं गेली, आणि नाव कुठल्याही पानावर आलं नाही. या खेपेला लेखिकाबाई हटूनच बसल्या, “नकाशावर यांचं नाव पाहिजे.” झालं, गडी पेटला. राज्य खोटं असलं तरी पाऊस खरा पडला पाहिजे, हा त्याचा जुनाच हेका. पश्चिमेला समुद्र, समुद्रावरून ओला वारा, वाऱ्याला अडवायला डोंगर. डोंगराच्या अलीकडे जंगल, पलीकडे वाळवंट.

बायको शाळेत भूगोल शिकवणारी. ती रोज नद्या तपासायची.

“अहो, ही नदी डोंगर चढतेय. दम लागेल तिला.”

नदी खोडली जायची. असे आठ महिने गेले. शेवटी त्याने कोपऱ्यातल्या लाटांमध्ये, लाटेसारख्याच वळणाने, आपलं नाव काढलं. बायकोने शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं.

मग प्रूफ आलं आणि नकाशेवाल्याने ते उघडून पाहिलं. समुद्र उजवीकडे होता.

त्याने कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईंनी उचलला.

“राजधानी दोन पानांच्या मधल्या शिवणीत जात होती ना, दादा. म्हणून वरून सांगितलं, नकाशा उलटा करा, आरशात दिसतो तसा. गावांची नावं मात्र आम्ही पुन्हा सरळ बसवली हं!”

“अहो बाई, कादंबरीत ओला वारा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेला आता वाळवंट आहे! पाऊस काय वाळूचा पाडू?”

“मग कादंबरीत पूर्व करू की.”

“करा!”

“नाही जमणार. मजकूर छापून झालाय. चारशे पानं. राहिलाय तो तुमचा नकाशाच.”

शेवटच्या पानावर नायक मावळत्या सूर्याच्या दिशेने जहाज हाकारतो. नकाशेवाल्याने त्या वाटेवरून बोट फिरवून पाहिलं. जहाज खलाशांसकट वाळूत रुतलं.

“मग मी राजधानीच दोन बोटं सरकवतो,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “नकाशा तेवढा सरळ करा.”

“वरून एकदा ठरलं की ठरलं, दादा.”

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, “दिशादर्शकावर उजवीकडे पश्चिम लिहा. खोटं राज्य, खोट्या दिशा. वारा तरी बरोबर वाहील.”

“अगं, तू भूगोलाची बाई ना?”

“शाळेत बोलू नका म्हणजे झालं.”

त्याने छातीवर दगड ठेवून उजवीकडे ‘पश्चिम’ लिहिलं आणि नकाशा पाठवून दिला.

पुस्तक आलं. उजवीकडे ‘पूर्व’ होतं.

“केवढी मोठी चूक केली होतीत, दादा!” फोनवर बाई खूश. “पूर्व-पश्चिम उलटी! आमच्या प्रूफ वाचणाऱ्यांनी ऐन वेळी पकडली. वरून शाबासकी मिळाली त्यांना.”

“आणि माझं नाव?”

“नाव होतं? कुठे?”

“कोपऱ्यात. लाटांमध्ये.”

“अगंबाई! आम्हाला त्या लाटाच वाटल्या.”

गावांची नावं सरळ झाली होती. त्याचं नाव उलटंच छापलं गेलं होतं.

बायकोने पुस्तक उचललं आणि बेसिनवरच्या आरशासमोर धरलं. आरशात समुद्र डावीकडे गेला. वारा, पाऊस, नद्या, सगळं जिथल्या तिथे आलं. तेवढी गावांची आणि दिशांची नावं उलटली. आणि कोपऱ्यात, लाटांवर, अकरा वर्षांनी त्याचं नाव स्वच्छ दिसलं.

“छान आलंय हो,” ती म्हणाली. मग नळ नीट बंद होता तरी तिने तो पुन्हा एकदा घट्ट पिळला.

उद्या ती पुस्तक शाळेत दाखवायला नेणार आहे. पर्समध्ये आजच छोटा आरसा टाकून ठेवलाय.

तिची सोय तिने केली, साहेब. बाकीच्या वाचकांचं काय? पुस्तकासोबत आरसा तुम्ही देणार, की ज्याने त्याने घरचा आणायचा? उत्तर द्या. लेखी द्या. आणि सरळ अक्षरात.