मोजणीदारांची जखम

मोजणीदारांच्या डाव्या नडगीवरची जखम भरत नव्हती, आणि ती भरल्याशिवाय लेक त्यांना त्यांच्या स्वतःच्या घरी सोडायला तयार नव्हती. स्टुलावरून पडले त्याच दिवशी तिने त्यांना बॅगेसकट आपल्याकडे आणलं होतं. इथे सगळं वेळच्या वेळी मिळत होतं, फक्त मनासारखं काही मिळत नव्हतं. चहा बिनसाखरेचा, आणि रेडिओ जावयाच्या झोपेच्या हिशोबाने.

वय अठ्ठ्याहत्तर. या वयात कातडी पातळ होते, सावकाश भरते, असं ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं. तिने कोरफडीच्या गराचा जेल लावला, वर पट्टी बसवली आणि चार दिवस हात लावायचा नाही असं बजावलं.

आता ज्या माणसाने छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, त्याने स्वतःच्या मालकीच्या जखमेकडे चार दिवस बघायचंसुद्धा नाही म्हणजे काय? मोजणीदारांनी दुसऱ्याच दिवशी पट्टी सोडवली, वर पारदर्शक कागद धरून हद्द आखली आणि वहीत नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाणही टाकला. मग रोजच मोजणी सुरू झाली. नकाशे मात्र भलतंच सांगू लागले. जखम वाढत होती.

सिस्टर आल्यावर त्यांनी वही तिच्यापुढे ठेवली आणि तुमचा जेल कुचकामी आहे, असं तोंडावर सांगितलं. तिने सगळे नकाशे शांतपणे पाहिले.

“आजोबा, जेलला कशाला बोल लावता? तुम्ही रोज पट्टी ओढता, तिच्याबरोबर नवी धरलेली कातडी निघून येते.”

मोजणीदार खजील झाले. सिस्टरने पुन्हा जेल लावला आणि पट्टीच्या कडेवर आडवी सही ठोकली, अर्धी पट्टीवर, अर्धी पायावर. रविवारी जखम मिटलेली दिसली तर त्याच दिवशी घरी, असं लेकीकडूनही कबूल करून घेतलं. मोजणीदारांनी लगेच बॅग भरायला घेतली.

रविवारी सहीचे दोन तुकडे एकमेकांना जुळेनात. जखम जेमतेम अर्धी भरलेली. मोजणीदारांनी आपण बोटसुद्धा लावलं नसल्याचं तीनतीनदा सांगितलं, पण त्यांच्यावर विश्वास ठेवणार कोण? तेवढ्यात दारात उभी असलेली लेक पुढे आली.

“सिस्टर, बाबांना बोलू नका. मीच उघडली परवा दुपारी, ते झोपले होते तेव्हा. काळजी वाटत होती हो. नुसतं बघितलं, आणि... मोजलं.”

मोजणीदारांना भरून आलं. पोरगी अगदी आपल्यावर गेली आहे, याचा त्यांना मनापासून अभिमान वाटला.

“माप किती आलं?” सिस्टरने विचारलं.

“चौदा मिलिमीटर.”

“परवा चौदा? शक्यच नाही,” मोजणीदार म्हणाले. “त्याच सकाळी साडेअकरा मिलिमीटर होतं.”

सिस्टरने दोघांच्याही मोजपट्ट्या मागून घेतल्या आणि आपल्या पिशवीत टाकल्या. मग वहीचं पुढचं पान उघडून लिहिलं, मुक्काम आणखी तीन आठवडे.