बारा गाद्या, तेरा माणसं

सुट्टीवाला आला तेव्हा घरातली सगळी माणसं बैठकीच्या खोलीत होती, आणि बैठकीच्या खोलीत घरातली सगळी माणसं मावत नव्हती.

सुट्टीवाला म्हणजे सुट्टी विकणारा. नाव त्याने आल्या आल्या सांगितलं होतं, पण मुलांनी त्याला हे नाव ठेवलं आणि मग तेच राहिलं. सोफ्यावर आत्या, मधली सून आणि धाकटी सून बसल्या होत्या, म्हणून तो सोफ्याच्या हातावर टेकला होता. निळा टाय सावरत तो सुट्टीच्या मेंबरशिपबद्दल बराच वेळ बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या. कळलं मात्र कोणालाच नाही.

"आप्पा, म्हणजे काय?" सगळ्यात लहान नातवाने विचारलं.

आप्पांचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. 'म्हणजे काय' हे दोन शब्द ऐकले की ते खुर्चीत ताठ बसत.

"हे बघ," ते म्हणाले, "आपल्याला एक मोठी घसरगुंडी हवीय. एकट्याने घ्यायची ऐपत नाही, आणि घेतली तर ठेवायला अंगण नाही. मग पुष्कळ घरांनी मिळून एक घेतली. वर्षातला एक आठवडा ती आपली."

"आणि बाकीचे आठवडे?"

"बाकीचे आठवडे आपला आठवडा कधी येतो याची वाट बघायची."

"सर, इतकं सोपं करून आमच्या ऑफिसातही कोणी सांगितलं नव्हतं," सुट्टीवाला म्हणाला.

थोरली सून स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी राहून हे ऐकत होती. घरात तिला जवळजवळ सगळेच वहिनी म्हणत. दिरांचं ऐकून पुतणे म्हणायला लागले, पुतण्यांचं ऐकून तिची स्वतःची मुलगी म्हणायला लागली, आणि एकदा घाईत नवराही म्हणून गेला होता. या घरातलं निम्मं बोलणं 'वहिनी'पासून सुरू व्हायचं आणि 'कुठंय'पाशी संपायचं. वहिनी, माझा चष्मा कुठंय. वहिनी, कात्री कुठंय. वहिनी, वहिनी कुठंय.

सुट्टीवाल्याने वाटलेल्या रंगीत कागदावर एक फोटो होता. निळं पाणी, काठावर आरामखुर्ची, खुर्चीत तोंडावर टोपी ओढून पडलेली एक बाई. थोरलीने तो फोटो चहा गाळताना पाहिला, कप मांडताना पाहिला आणि ट्रे उचलण्याआधी पुन्हा एकदा पाहिला. पाण्याचं तिला काही नव्हतं. त्या बाईच्या आसपास हाक मारायला कोणी नव्हतं, हे तिला फार आवडलं होतं.

"आमच्या घरची एक रीत आहे," आप्पा सुट्टीवाल्याला सांगत होते. "मोठी गोष्ट ठरवायची तर एकूण एक माणसाने हो म्हणायला हवं. एक जण जरी नाही म्हणाला तरी गोष्ट बारगळली."

म्हणूनच त्या घराच्या जिन्याची एक भिंत पिवळी होती आणि समोरची निळी.

"काहीच हरकत नाही, सर. दोन खोल्या, मध्ये दार, बाजूला छोटं स्वयंपाकघर. बारा माणसं आरामात."

"आम्ही तेरा आहोत."

"बारा, सर."

"एक गादी जास्तीची टाका की."

"नियम आहे, सर. बारा म्हणजे बारा."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग पाणी जसं उताराकडे जातं तशा सगळ्या नजरा हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे गेल्या.

"थोरली काय, समजूतदार आहे," आत्या म्हणाल्या.

ज्याला विचारावं लागत नाही त्या माणसाला घरात समजूतदार म्हणतात. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंख्याकडे पाहत होता.

"बघू, काढू काहीतरी मार्ग," तो पंख्याला म्हणाला.

"थांबा," आप्पा म्हणाले. "आधी प्रयोग, मग निष्कर्ष. उद्या रविवार. वरच्या दोन खोल्या म्हणजे ते सुट्टीचं ठिकाण, असं समजायचं. बारा जणांनी सकाळी सामानासकट वर जायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहायचं. खाली यायचं नाही. खाली म्हणजे घर, आणि घर लांब राहिलं. संध्याकाळी मत घेऊ."

"मी संध्याकाळी कागद घेऊनच येतो," सुट्टीवाला म्हणाला.

"आणि वहिनी?" थोरलीच्या मुलीने विचारलं.

"ती घरी. प्रयोग तंतोतंत व्हायला हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी घराने घरातल्या घरात प्रस्थान ठेवलं. सोळा पायऱ्यांच्या प्रवासाला निघालेल्या माणसांनी काय न्यावं याला काही धरबंध राहिला नाही. मधल्या सुनेने मिक्सर घेतला. आत्यांनी गरम पाण्याची पिशवी, दोन शाली आणि आपली उशी घेतली, कारण परक्या ठिकाणच्या उशीवर त्यांची मान धरते. ही परकी उशी इतकी वर्षं त्यांच्याच घरात होती, हे सांगायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. सासूबाई सगळ्यांत उत्साहात होत्या. गुडघे दुखत असूनही त्या पहिल्या नंबराने वर पोचल्या.

"चला, निघालो गं," पाचव्या पायरीवरून थोरला म्हणाला.

"पोचलात की कळवा," थोरली म्हणाली.

वरचं दार बंद झालं. थोरली स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. रागाच्या भरात तिने संध्याकाळचं ठरवूनही टाकलं. आप्पा मत विचारतील तेव्हा सगळ्यांत शेवटी आपण नाही म्हणायचं. बारा हो आणि एक नाही. मग बसा फोटो बघत.

एवढं ठरल्यावर तिने चहा ठेवला. हात सवयीने मोठ्या पातेल्याकडे गेला. मग तिला आठवलं, चहा एकटीचाच. पण त्या घरात एका कपाचं पातेलं नव्हतंच. शोधून शोधून शेवटी फोडणीच्या कढल्यात तिने चहा केला आणि बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर जाऊन बसली. सोफ्याच्या मधोमध.

चहाचा पहिला घोट घेतला आणि तिची जीभ पोळली. चहा इतका गरम असतो हे ती विसरूनच गेली होती.

खोलीत घड्याळ टिकटिकत होतं. तिला वाटायचं ते बंदच आहे. खिडकीतून ऊन आत येऊन फरशीवर पडलं होतं आणि त्यावरून कोणी चालत जात नव्हतं. थोरलीने पाय सोफ्यावर घेतले. थोड्या वेळाने आडवी झाली. आणखी थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपला राग कुठे ठेवलाय ते आपल्याला सापडत नाहीये.

वर मात्र रंग भरत होता. छतावर धप्प आवाज झाला. मग काहीतरी घरंगळत गेलं. मग आत्यांचा आवाज आला, "खिडकी लावा," आणि लगोलग मधल्या दिराचा, "खिडकी उघडा." मग कोणीतरी न्हाणीघराचं दार वाजवायला लागलं, आणि ते वाजवणं काही केल्या थांबेना.

सगळ्यांत आधी धाकटा दीर खाली आला. चपला हातात घेऊन, चोरपावलांनी.

"चार्जर विसरलो, वहिनी."

"तो तुमच्या खिशातून लोंबतोय, भावजी."

धाकट्याने खिशाकडे पाहिलं, मग खोलीकडे. "काय शांत आहे गं इथे," तो कुजबुजला आणि खुर्चीत बसला. बसला तो बसलाच.

मग मधली जाऊ आली. "ताई, दूध उतू जातंय का बघायला आले."

"दूध तुम्ही वर नेलंय ना?"

"हो. पण सवय गं." आणि तीही टेकली. "तिथे एका न्हाणीघराला सहा माणसं. मुलांनी दोन गाद्यांचा किल्ला केलाय. आत्या खिडकी लावतात, हे उघडतात. सकाळपासून माझ्या हातात मिक्सर आहे. ठेवायला जागा नाही."

थोड्या वेळाने आत्या स्वतःच आल्या. कारण त्यांनी तयार केलंच नव्हतं. "सरक," एवढंच म्हणाल्या.

आता सोफ्याचा मधला भाग जाणार हे थोरलीला दिसलं. इतक्या वर्षांत प्रथमच मिळालेली जागा ती अशी सोडणार नव्हती. ती उठून जिन्यापाशी गेली.

"आप्पांना सांगू का, तिघं घरी पळून आलेत म्हणून?"

तिघंही खजील होऊन उठली. थोरलीने त्यांना वर पिटाळलं आणि सोळाव्या पायरीपर्यंत पोचलेली पाहिली. नंतर जो जो खाली डोकावला त्याला तिने तसंच परतवलं. नवरा आला तेव्हा तो नुसता केविलवाणा उभा राहिला.

"मार्ग निघाला का काही?" तिने विचारलं.

तो वर गेला.

दिवसभरात एकट्या सासूबाई तेवढ्या खाली आल्या नाहीत. वरून त्यांचाच आवाज खणखणीत येत होता, "मला तर बाई फार आवडलं. दरवर्षी जायला हवं."

संध्याकाळी सुट्टीवाला आला. आप्पांनी त्याला जिन्यावरूनच वर बोलावलं. "या. आमच्याकडे मॅनेजर कमी होता." मग बराच वेळ वरून त्याचा आवाज येत राहिला. "आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, मॅडम. गादीची दखल घेतलीय, सर. बाळा, टाय सोड." तो खाली आला तेव्हा टाय पाठीवर गेला होता. थोरलीने त्याला खुर्ची दिली. चहा येईपर्यंत तो बसल्या जागी झोपला.

आप्पांनी सगळ्यांना खाली बोलावलं. बारा माणसं सामानासकट उतरली. दमलेल्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत आप्पांनी एकेकाला विचारलं.

"हो," आत्या म्हणाल्या. "घ्या मेंबरशिप. पण माझं वय झालं. मी घरीच बरी."

"हो," धाकटा म्हणाला. "सगळे जा. मी घर राखतो. थोरल्यांची हौस आधी."

"हो," मधली म्हणाली. "पण ताईंनी कधी काही पाहिलं नाही. त्यांना न्या. मी राहते मागे."

"वाटलंच होतं," मधला म्हणाला. "मग मीही राहतो. हिला एकटीला भीती वाटते."

"मला कसली भीती वाटते? तुम्ही जा."

काल आपली जागा सोडायला तयार नसलेली माणसं आज एकमेकांना जागा देण्यासाठी हमरीतुमरीवर आली. त्या घरात इतका त्याग एका संध्याकाळी कधी झाला नव्हता. शेवटी आप्पांनी हात वर केला.

"निष्कर्ष निघाला," ते म्हणाले. "मेंबरशिप आपल्याला सोयीची आहे, यावर एकमत. तुमच्या आईला सोडलं तर जायचं कोणालाच नाही, यावरही एकमत. अजून एक मत राहिलं. बोल, सूनबाई."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. सकाळी ठरवलेलं नाही तिच्या ओठांवर होतं. ते तिने गिळलं आणि शांतपणे म्हणाली, "माझं हो आहे, आप्पा. पण दरवर्षी एकाने घरी राहायचं, पाळीपाळीने. आणि पहिली पाळी माझी. नाहीतर माझं नाही."

काल स्वतःच दिलेलं स्थान तिच्याकडून परत कसं मागायचं, हे कोणाला सुचेना.

"थोरली समजूतदार आहे," आत्या खिन्नपणे म्हणाल्या.

सुट्टीवाल्याला हलवून उठवलं तेव्हा त्याने डोळे चोळत विचारलं, "निघायची वेळ झाली का? इथे अजून थोडं थांबता येईल?" कागद मात्र त्याने लगेच काढला.

यथावकाश त्यांचा आठवडा आला. दोन गाड्या दारात लागल्या. थोरलीने डबे भरून दिले आणि कोणाचं काय कुठंय ते सांगितलं. पुढच्या गाडीतून थोरला म्हणाला, "काळजी घे गं." त्याच्या आवाजात माया होती आणि बराचसा हेवाही. गाड्या वळणावरून दिसेनाशा झाल्या. थोरलीने फाटक लावलं, आत आली, आणि सोफ्याच्या मधोमध पाय वर घेऊन बसली.

वरच्या खोलीचं दार करकरलं. मग जिन्यावर सावकाश पावलं वाजली. थोरली दचकून उठली. सासूबाई कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, खाली येत होत्या.

"आई, तुम्ही? गाडी चुकली का?"

"छे गं. पुढच्या गाडीला सांगितलं, मी मागच्या गाडीत बसते. मागच्या गाडीला सांगितलं, पुढच्या गाडीत बसते. मोठ्या घरात एवढं पुरतं."

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. "तिकडे पोचल्यावर कळेल ना सगळ्यांना."

"तोवर ते फार लांब गेलेले असतील." सासूबाई सोफ्यापाशी आल्या. मधल्या जागेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या कडेला बसल्या, गुडघे चोळले आणि डोळे मिटले. "तुझ्याआधी चाळीस वर्षं मी समजूतदार होते, बाई. आता दोन कप चहा टाक. आणि फोन वाजला तर उचलू नकोस."