फोन जरा समुद्राकडं धरा

माझे धाकटे दीर बापूराव यांनी गेल्या हिवाळ्यात कोकणातल्या कितीतरी घरमालकांना फोन केले आणि प्रत्येकाला एकच विनंती केली.

"मालक, फोन जरा समुद्राकडं धरा."

मालक गोंधळायचा. "काका, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो ना."

"फोटू नको. आवाज ऐकू द्या."

मग बापूराव आपला मोबाईल पितळेच्या गंजात ठेवायचे. तळाला फोन ठेवला की आवाज घुमून मोठा येतो, हा त्यांचा शोध. डोळे मिटून गंजाच्या तोंडाशी कान लावायचे आणि बोलायचं झालं की त्याच भांड्यात तोंड घालून ओरडायचे.

ओवी, अर्णव, खिशातून शेंगदाणे काढून देणारे बापूआजोबा तुम्हाला माहीत आहेत. त्यांचा कान तुम्हाला माहीत नाही.

कुरुंद्याला, त्यांच्या गावी, त्यांची हळद असते. शिजवून उन्हात घातलेलं हळकुंड वाळलं की नाही, हे ते मोडून कानाने ठरवतात. खणकन वाजलं तर वाळलं, मऊ बोललं तर अजून ऊन द्यायचं. इतपत ठीक होतं, सगळेच हळदवाले असं करतात. पण बापूरावांनी पुढे सगळं जगच वाजवून घ्यायला सुरुवात केली. माठ आणि कलिंगड तर सोडाच, माझ्या हिंगोलीच्या घराची नवी दारंही त्यांनी टकटक करून पाहिली आणि सुताराला परत बोलवायला लावलं. स्वतःच्या मुलीसाठी मुलगा बघायला गेले तेव्हा त्याला शिक्षण विचारलं नाही, शेती विचारली नाही, एक विनोद सांगितला. मुलगा हसला. बाहेर येऊन हे म्हणाले, "पोकळ वाजतोय." पुढचा मुलगा पोट धरून हसला, तो आज त्यांचा जावई आहे.

तुम्ही डिसेंबरात परदेशातून येणार म्हणून सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं ठरलं, तेव्हा अडचण एकच होती. बापूराव कुरुंदा सोडून रात्र काढत नाहीत. माझ्याकडे आले तरी जेवणाचं ताट अर्धवट टाकून शेवटची एसटी गाठतात. त्यांची बायको कमल गेली, मुलगी सासरी गेली, तेव्हापासून हे असंच चाललं आहे. या वेळी त्यांना न्यायचंच, असं मी मनाशी धरलं. मला सगळं रीतसर करायची सवय. तेव्हा मी विचार केला, जागा शोधायचं काम त्यांनाच द्यावं. स्वतः निवडलेल्या जागी माणूस येणार नाही तर जाईल कुठे?

त्यांनी काम मनापासून घेतलं. तुमच्या बाबांना पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल हवं होतं.

"समुद्राच्या काठाला जाऊन हौद काहून लागतोय, सुहास?"

तुमच्या आत्याला प्रत्येक कुटुंबासाठी वेगळी एसी खोली हवी होती.

"एवढ्या लांबून एका जागी यायचं अन् दारं लावून बसायचं व्हय? एक लांब पडवी पाहिजे. सगळे एका ओळीत झोपतील."

तलाव आणि एसी असे निकालात निघाले. राहिला आवाज. एक समुद्र "लई घाईत" होता. दुसरा थांबून थांबून बोलत होता. "म्हाताऱ्या माणसाला झोप न्हाई लागायची वहिनी, पुढची लाट कधी येती म्हणून जागंच ऱ्हाईल." एका मालकाने आळसाने घरातच नळ सोडून त्यापुढे फोन धरला असावा. बापूराव पुष्कळ वेळ ऐकत राहिले, मग गंजात ओरडले, "मालक, तुमचा समुद्र कुकरसारखी शिट्टी काहून मारतोय?"

शेवटी गुहागरचे एक मालक भेटले. ते न हसता, न कंटाळता फोन घेऊन थेट परसातून वाळूवर गेले. बापूराव गंजाच्या तोंडाशी असे वाकून राहिले की त्यांना डुलकी लागली असं मला वाटलं. मग त्यांनी डोळे उघडले.

"हां. हे बराबर हाय."

मी लगेच त्यांना शब्दात पकडलं. "म्हणजे तुम्ही येताय."

"म्हैस गाभण हाय. माझं बघू."

"गडी बघेल की म्हशीकडे," तुमचे आजोबा म्हणाले.

"दादा, तिला गड्याची लाज वाटती."

तुमच्या बाबांनी तिकडून पैसे पाठवून त्यांच्या दारासाठी चांगलं भक्कम कुलूप आणवलं. त्या घराला कधी कुलूप नव्हतंच. बापूरावांनी ते आनंदाने ठेवून घेतलं.

निघायच्या सकाळी ते हिंगोलीला हजर. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, डोक्यावर ट्रंक. माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्यासाठी गाडीत खिडकीची जागा राखून ठेवली होती. त्यांनी त्या जागेवर ट्रंक ठेवली, पिशवीतल्या भाकऱ्या माझ्या हाती दिल्या आणि खाली उतरले. ट्रंकेत तुमच्यासाठी लाडू होते. तिला ते नवं कुलूप लावलं होतं, आणि किल्ली कुरुंद्याला राहिली होती. गुहागरला आपण दगडाने कुलूप फोडलं, ते आठवतं ना?

गाडीमागे नेऊन मी त्यांना विचारलं, "भाऊजी, म्हशीचं राहू द्या. खरं काय ते सांगा."

ते गाडीच्या टायरवर बोटाने वाजवत राहिले.

"दाराला कुलूप दिसलं की लोकाला वाटतंय वहिनी, इथं आता कोणी ऱ्हात न्हाई." मग एकदम मोठ्याने, "चला, हवा बराबर हाय. निघा!"

गुहागरला पहिल्या संध्याकाळी तुम्ही वाळूत होतात. मी परसात बसले होते. दिवे लावायच्या सुमारास मालकांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला, मागच्या खिडकीत समुद्राकडे तोंड करून ठेवला आणि न बोलता आत निघाले.

"कोणाचा फोन?"

"तुमचेच काका. तुमची जागा ठरली तेव्हापासून रोज या वेळी येतो. बोलत नाहीत काही. जेवता जेवता ऐकत असावेत, ताटाचा आवाज येतो."

मी फोन उचलला. "भाऊजी, मी बोलतेय."

पलीकडे खडबड झाली. बहुतेक गंज कलंडला असावा.

"वहिनी? म्हैस व्याली. रेडकू झालं."

"मग आता या की! उद्या निघा."

"आता कसं येऊ? घरात लहान लेकरू हाय."

मी फोन घेऊन पायऱ्या उतरले, वाळूवर गेले आणि हात लांब करून फोन लाटांसमोर धरला. खाली तुमचं भांडण जुंपलं होतं. अर्णवने किल्ल्यावर पाय दिला होता आणि ओवी बादली घेऊन त्याच्या मागे धावत होती. ती मराठीत ओरडत होती, तो इंग्रजीत.

तेवढ्यात माझ्या लांब केलेल्या हातातून आवाज आला, "वहिनी! ओ वहिनी! समुद्र नको. त्यो रोज ऐकतोय मी. फोन जरा लेकरांकडं धरा."

मी फोन तुमच्याकडे वळवला. सुदैवाने तुम्ही दोघं बराच वेळ मिटवून घ्यायला तयार नव्हतात. तुम्ही थकून वाळूत बसेपर्यंत मी तशीच उभी होते. मग गंजाच्या तळातून आल्यासारखा आवाज आला.

"हां. हे बराबर हाय."