गुणवंतभाऊंची शाया

आमच्या शेजारच्या गुणवंतभाऊंनी दुकानाच्या शटरवर लाल ऑइलपेंटने 'शाया' असं लिहून ठेवलंय. खाली बारीक अक्षरात, 'विद्यार्थी भरले. जागा नाही.' विद्यार्थी एकच, त्यांची मुलगी गौरी. चूक झाली समजून निम्मं बाभुळगाव ती दुरुस्त करायला येतं आणि शिव्या खाऊन परत जातं. परवा एका सेल्समननं गाडी थांबवून नम्रपणे सांगितलं, "काका, तिथं 'ळ' पाहिजे." भाऊ म्हणाले, "तुह्या गाडीचं चाक काढून ठेवू का? मंग समजन तुले, कायले काय पायजे थे."

भाऊंचा धंदा विहिरीवरच्या मोटारी भरून देण्याचा. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची भरायची. काम शांत डोक्याचं आहे म्हणतात, पण भाऊ ते चिडून करतात. चहा गोड झाला, लाइन गेली, गिऱ्हाईक हसलं, सगळ्यावर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं आहे, "आपल्याले नाई जमत."

दिवाळीची सुटी संपली आणि पाचवीतली गौरी शाळेत गेलीच नाही. मीच शिकवतो घरी, असं भाऊंनी जाहीर करून टाकलं. मला या माणसाचा भयंकर राग आला. पोरगी चांगली हुशार आहे. सुटीच्या दिवशी माझ्याकडे यायची, बँकेतून मी काय काय करून आले ते विचारून भंडावून सोडायची. तिचं वर्ष हा माणूस आपल्या टाळक्यापायी वाया घालवतोय, असंच मला वाटायचं.

कारण विचारावं तर ते माणसागणिक वेगळं. किराणावाल्याला सांगितलं, "शायेतल्या खिचडीत मीठ नसते." मेहुण्याला सांगितलं, "दप्तरानं पोरगी वाकून राह्यली." शाळेतून गुरुजी विचारायला आले, तेव्हा तर भाऊ पान्हा हातात घेऊनच उठले. "तुमाले शिकवाले टाइम कुठं हाय? झाड लावलं, काढा फोटो. हात धुतले, काढा फोटो. पोरगी शिकाले पाठवली व्हती मी, फोटो काढाले नाई." गुरुजी बिचारे आल्या पावली परत गेले. फोटो वरून मागतात, ते तरी काय करणार?

बरं, भाऊंचं शिकवणं म्हणजे पुस्तकाशी भांडण. धडा मोठ्यानं वाचायचा आणि मध्येच थांबायचं. "'शेतकरी आनंदाने शेतात राबतो.' आनंदानं? चैताच्या उन्हात? कोन व्हय हा, मले भेटवा बरं एकडाव." आतून गौरीची आई, सुनंदावहिनी, म्हणायच्या, "अवो, हळू शिकवा, दूध नासन." गौरी मान खाली घालून लिहीत असायची. हसायची नाही, बोलायचीही नाही. माझ्याकडे येणं तर तिनं कधीच बंद केलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी माझा तोल गेला. बँकेतून आले ती तडक दुकानात शिरले. भाऊ मोटारीत तार भरत होते. म्हटलं, "भाऊ, तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा. पोरीचं वाटोळं कायले करून राह्यले?" ऑफिसात मी 'मला-तुला' करते, पण भांडायला मला घरचीच भाषा लागते.

भाऊ तडकले. मीठ, दप्तर, फोटो, सगळं परत ऐकवलं. मी म्हटलं, "हे मले नका सांगू. खरं सांगा."

ते तार गुंडाळत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वैनी, यंदा नवी बाई आली शायेत. शुद्ध बोला म्हनते. आमची पोरगी उठून म्हने, बाई, मी काल शायेत आली नोयती. बाईनं तसंच्या तसं बोलून दाखवलं साऱ्या वर्गाले. सारे हसले. ज्याच्या ज्याच्या घरी हेच बोलतात, थे बी हसले."

मला त्या बाईचा असा संताप आला की तिथल्या तिथं उठून तिच्या घरी जावंसं वाटलं. आईच्या तोंडून उचललेली बोली पोरगी शाळेत घेऊन जाते, आणि तुम्ही तिची नक्कल करता? पगार त्याचा घेता का?

"मंग पोरगी घरी बी शुद्ध बोलाले लागली," भाऊ म्हणाले. "मले वाटलं, चांगलं हाय, शिकून राह्यली. अन् मंग सुटीच्या आंधी पालकसभा आली. मी धुतलेला शर्ट घालून गेलतो. पोरगी कानापाशी येऊन म्हने, 'बाबा, तुम्ही इथे काही बोलू नका.' वैनी, पोरगी जलमली तवापासून मले तू म्हनते. तुम्ही म्हटल्यावर मले वाटलं, मांगं कोनी दुसरा बाप बसला हाय. मी वयून पायलं मांगं."

हसू यावं अशीच गोष्ट होती. आम्ही दोघंही हसलो नाही.

"सभाभर एक शब्द बोललो नाई मी. मी, वैनी. घरी आलो अन् काढली शायेतून. म्हटलं, घरी राह्यली त पुन्हा तू म्हनन. चार महिने झाले. अजून 'तुम्ही'च हाय."

तेवढ्यात गौरी चहा घेऊन आली. "बाबा, तुमचा चहा," म्हणाली आणि कप ठेवून वळली. भाऊंनी तार ओढली. घाईनं ओढली असावी, कारण ती सटकली आणि बोटाला लागली. बोटातून रक्त आलं. गौरी दारातून धावत परत आली, त्यांचा हात धरला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुले लागलं का?"

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. खरचटलंच होतं नुसतं, मी जवळच उभी होते. एरवी या माणसानं पायावर मोटार पडली तरी 'काई नाई' म्हटलं असतं.

"हो वं माय," भाऊ म्हणाले, "लय लागलं."