अर्पिता डिस्पोजल आणि पर्यावरणाची पदवी

योजना आखण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही, हे मी नम्रपणे सांगते. माझा माऊली दहा महिन्यांचा आहे आणि रांगतो. रांगणाऱ्या पोराच्या आईला दिवसभर एकच काम असतं, पुढच्या क्षणी काय वाईट होणार ते आधीच ओळखणं. घरातल्या प्रत्येक वस्तूकडं मी 'हे तोंडात जाईल का' याच नजरेनं बघते. अशा बाईची योजना फसेल कशी?

योजना होती माझ्या नणंदेला, अर्पिताला, पर्यावरणशास्त्राच्या बी.एस्सी.ला घालायची. बारावी झाली होती. संभाजीनगरच्या एका कॉलेजात कोर्स होता, मुलींचं हॉस्टेल होतं, अर्जावर फक्त पालकांची सही बाकी होती. पोरीला मनापासून आवड. गल्लीत कोणी कचरा पेटवला की ही खाली जाऊन त्यावर बादली ओतून यायची. तो धूर थेट माऊलीच्या पाळण्यावर येतो, त्यामुळं खिडकी लावता लावता मी तिला मनातल्या मनात आशीर्वाद द्यायचे. हिला शिकवायचंच, हे मी तेव्हाच ठरवलं. अडचण एकच, माझे सासरे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. बद्रीनाथमामांचं जुन्या जालन्यात ठोक दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही. दुकानात मिळतात प्लास्टिकचे ग्लास, वाट्या, चमचे आणि, आता सांगूनच टाकते, मागच्या खोलीत बंदी असलेल्या पातळ कॅरीबॅगा. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'अर्पिता डिस्पोजल'. पोर लक्ष्मीच्या पावलांनी आली म्हणून दुकानाला तिचं नाव. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा मामांनी कौतुकानं परवानाही तिच्याच नावावर करून टाकला.

म्हणजे ज्याचं घर कॅरीबॅगवर चालतं, त्याच्या पोरीला पर्यावरण शिकवायचं. हलवायाच्या पोरीला मधुमेहाची डॉक्टर करण्यातलाच हा प्रकार.

मामांचा निकाल ठरलेला. "इथंच बी.ए.ला नाव टाकू. दुपारून गल्ल्यावर बसंल. हॉस्टेल-फिस्टेल बिलकुल न्हाई."

"वैनी, शनिवारी मुदत संपते," अर्पिता मला म्हणाली. "तुम्हीच बघा काहीतरी."

मी बघितलं. मामा घरातल्या कोणाचं ऐकत नाहीत, पण मास्तर दिसला की उठून उभे राहतात. अर्पितानं कोर्सच्या चौकशीला ज्यांना फोन केला होता, त्या कॉलेजातल्या हिवराळे सरांनाच मी सरळ फोन लावला. सर पर्यावरणाचे प्राध्यापक, माणूस भला. म्हणाले, गुरुवारी अंबडला काम आहे, जाताना येतो तुमच्याकडं, समजावतो वडिलांना. घरात मी चकार शब्द काढला नाही. आधी कळलं असतं तर मामांना नेमकं गुरुवारी शहागडचं शेत आठवलं असतं. अर्पितालासुद्धा सांगितलं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही.

गुरुवारी दुपारी सगळं तयार होतं. शंकरपाळे तळले होते, दिवाणावर नवी चादर होती, माऊली झोपला होता. एवढ्यात जिना धडधडला. माझा नवरा कल्याण पाठीवर गोणी घेऊन आत आला.

"दिवाण उघड. जल्दी. धाड पडली."

"कोणाची?"

"पर्यावरणवाल्यांची. सर्जेरावकाकांनी डोळ्यानं बघितलं. गल्लीच्या तोंडाला जीप थांबली. गळ्यात कार्ड अडकवलेला माणूस उतरला. नालीचे फोटो काढले. अन् एक कॅरीबॅग उचलून दोन बोटांत ताणली, उन्हात धरून बघितली."

कॅरीबॅग दोन बोटांत ताणून उजेडात धरणारा माणूस कोण असतो, हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरगंही सांगेल. पिशवीची जाडी बघायची तपासनिसांची तीच रीत. समोरच्या सर्जेरावकाकांचाही धंदा हाच. त्यांनी शटर अर्धं ओढलं. ते बघून शेजारच्यानं ओढलं, त्याचं बघून पुढच्या धान्यवाल्यानं ओढलं. त्या बिचाऱ्याकडं ज्वारीशिवाय काही नव्हतं, पण सगळे ओढताहेत म्हटल्यावर त्यानंही ओढलं. भर दुपारी गल्लीला ग्रहण लागलं.

आमच्याकडं गोण्या वर चढत राहिल्या. एक वॉशिंग मशीनमध्ये गेली. दोन दिवाणात गेल्या, त्यावर फळी बसेना, मग गादी तशीच वर टाकली. एका गोणीवर माझ्या सासूबाई, सोनूबाई, पदर पसरून बसल्या. "मला कोन उठवतंय ते बघते मी," म्हणाल्या. कल्याण उरलेलं बंडल घेऊन पाळण्याकडं वळला.

"पाळण्याला हात लावून तर बघा," मी म्हटलं.

तो बंडल घेऊन गच्चीवर पळाला. मी माऊलीला कडेवर उचललं आणि तेव्हा मला सर आठवले. आज नेमके यायचे होते ते! धाडीच्या मध्यात मामांना शिक्षणाचं महत्त्व कोण सांगणार? मी फोन लावला.

"सर, आज येऊ नका. गल्लीत धाड पडलीये."

"कुठं?" सर म्हणाले. "मी गल्लीतच उभा आहे. मला तर कोणी दिसत नाही. उलट सगळी दुकानं बंद करताहेत. कोणी वारलंय का?"

माझ्या डोक्यात एकेक दिवा लागायला लागला.

"सर, तुम्ही जीपनं आलात?"

"हो, आमच्या विभागाची आहे."

"नालीचे फोटो..."

"काढले ना. भयंकर आहे नाली. विद्यार्थ्यांना दाखवायला बरी."

"आणि पिशवी?"

"अहो, काय पातळ पिशवी होती ती..."

पुढं फोनमध्ये मामांचा आवाज आला, साखरेत घोळलेला. "या साहेब, या. वर चला, चहा घेऊ. बसून बोलू." आणि फोन बंद.

मी दारापर्यंत पोचेपर्यंत दोघं जिना चढून आले होते. पुढं सर, मागं हात जोडलेले मामा. सर दिवाणावर बसले. गादी करकरली आणि सर हळूहळू खाली जायला लागले. ते सभ्य गृहस्थ, जणू काही होतच नाही अशा चेहऱ्यानं बुडत राहिले.

"मी अर्पितासाठी आलोय," सर म्हणाले.

मामांचा चेहरा पडला. परवाना अर्पिताच्या नावावर! "साहेब, नाव तिचं हाये, पन माल सगळा माझा. पोरीला कायबी माहीत न्हाई."

"असं कसं? चौकशीला फोन केला होता तिनं. तिला सगळं माहीत आहे."

"तिनंच फोन केल्ता?" मामांनी चौकट धरली.

"मग काय. मी म्हणतो, तीन वर्षं आमच्याकडं राहू द्या तिला."

"तीन वर्षं?"

"नव्या धोरणात चारही करता येतात. तिची इच्छा."

"तिची इच्छा?"

"मुलींची सोय वेगळी आहे. तुम्हाला रविवारी भेटायला येता येईल."

सासूबाईंनी गोणीवर बसल्या बसल्या गळा काढला. सर कळवळले. "आई, रडू नका. पहिले काही दिवसच जड जातात. पुढं मुली घरी यायचं नाव घेत नाहीत."

"मामा, जरा ऐका," मी म्हटलं.

"तृप्ती, तू मधी पडू नको. मी करून राह्यलो ना बराबर."

हातवारे केल्याशिवाय मला बोलता येत नाही, म्हणून मी माऊलीला खाली ठेवलं. तीच चूक. तो रांगत दिवाणाकडं गेला, गादीखालून डोकावणारं एक हिरवं टोक त्यानं ओढलं आणि अख्खी कॅरीबॅग तोंडावर घेतली.

मग मला सर, मामा, पदवी, काही सुचलं नाही. मी झेप घेतली. पिशवी खेचली तर ती गोणीच्या सुतळीत अडकलेली. गोणीचं तोंड उसवलं, सरांच्या बाजूची गादी घसरली, आणि लाल, हिरव्या, पांढऱ्या कॅरीबॅगांचा ढीग सर्रकन बाहेर आला. त्याच्या टोकाला सर फरशीवर येऊन बसले. माऊलीला मी छातीशी धरलं होतं. त्याला काही झालं नव्हतं, तो खिदळत होता. बाकी कोणी नाही.

मामा मटकन खाली बसले. त्यांच्या आवाजातली साखर गेली होती.

"साहेब, मला न्या. चार काय, सहा वर्षं न्या. पोरीला हात लावू नका. तिला शिकायचंय."

दारात अर्पिता उभी होती. दुकानातून नुकतीच वर आली होती. मग मीच सांगून टाकलं.

"मामा, हे कॉलेजातले सर आहेत. तिला शिकायलाच न्यायला आलेत."

मामा सरांकडं बघत राहिले. "मंग पिशवी ताणून कशापायी बघितली?"

"सवय," सर फरशीवरूनच म्हणाले. "पण शेठ, हा माल बंद करावा लागेल."

मामांनी ते ऐकलंच नाही. त्यांचं डोकं दुसरीकडंच चाललं होतं. "हे शिकून काय होती पोरगी?"

"बरंच काही. मोठ्या कारखान्यात सल्लागार होईल. परीक्षा दिली तर तपासणी अधिकारी होईल."

"म्हंजी धाड कुठं पडनार, हे तिला आधीच ठावं असनार?"

"ते असणारच," सर गोंधळून म्हणाले.

मामांनी हात पुढं केला. "तृप्ती, पेन आण."

अर्पितानं सही होऊ दिली. शाई वाळू दिली. मग म्हणाली, "बाबा, मी अधिकारी झाले ना, तर पहिली आपल्याच दुकानात येईन."

"ये की," मामा म्हणाले. "फकस्त निघताना फोन कर."

अर्ज वेळेत गेला. मी दोन दिवस जमिनीवर पाय ठेवला नाही. फक्त एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. मामांनी त्याच संध्याकाळी आपली हुशारी पूर्ण गल्लीला ऐकवली होती. घरात एक पर्यावरणवाली पाहिजेच, हे प्रत्येक दुकानदाराला एकदम पटलं, आणि ज्याच्या घरात बारावी झालेलं लेकरू होतं त्यानं शनिवारच्या आत त्याच कोर्सला अर्ज भरला. यादी लागली तेव्हा सर्जेरावकाकांची लेक अक्षता आत होती, आणि आमची अर्पिता प्रतीक्षायादीत पहिली.

पण मी हार मानणारी नाही. मी काकांना गाठलं.

"काका, पर्यावरणवाली एक असली की गल्लीला पुरे. पण उद्या खरीच धाड पडली तर वकील कुठून आणणार? घरचा वकील असला की खर्चा नाही."

"सूनबाई, बात तर सही हाये," काका म्हणाले, आणि अक्षताला लॉ कॉलेजात घालायचं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. अर्पितासाठी जागा मोकळी झाली म्हणून मी खूश होऊन जिना चढले. माऊलीला भरवायला बसले तेव्हा कुठं लक्षात आलं, की त्या पोरीला स्वतःला काय शिकायचंय हे आम्ही दोघांनीही विचारलंच नाही.